पायी वारीतील साहित्य आणि शिधा

पायी वारीतील साहित्य आणि शिधा म्हणजे पंढरपूरच्या आषाढी वारीसाठी अनेक दिवस पायी चालणारे वारकरी सोबत बाळगत असलेली वस्त्रे, पादत्राणे, अंथरूण-पांघरूण, भांडी, औषधे व खाद्यपदार्थ, तसेच दिंडीने सामूहिकरीत्या वाहून नेलेली सामग्री. आषाढी वारी ही महाराष्ट्रातील सर्वांत मोठी बहुदिवसीय पदयात्रा असून तिचा कालावधी प्रस्थानाच्या ठिकाणानुसार काही दिवसांपासून सुमारे एक महिन्यापर्यंत असतो. वारीच्या तयारीचे मुख्य सूत्र ओझ्याच्या विभागणीत आहे. चालणाऱ्याने अंगावर कमीत कमी भार घ्यावा आणि उरलेला भार दिंडीने वाहावा, अशी ही व्यवस्था आहे. त्यामुळे खांद्यावरच्या पिशवीत काय असावे हे ठरवताना दिंडीच्या वाहनात काय आहे व ते वाहन दिवसभरात केव्हा भेटणार आहे, हे आधी पाहावे लागते.

पार्श्वभूमी

आषाढ शुद्ध एकादशीला पंढरपूरला पोहोचण्यासाठी महाराष्ट्राच्या विविध भागांतून संतांच्या पालख्या निघतात. संत तुकारामांचे पुत्र नारायण महाराज यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पालखी सोहळ्याची प्रथा सुरू केली, असे मानले जाते. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी संत ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध स्वरूप दिले. दिंड्यांचा क्रम, मुक्काम, विसावे आणि चोपदारांची व्यवस्था यांमुळे मोठ्या समुदायाला ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी पोहोचणे शक्य झाले. शिधा आणि सामान यांचे नियोजनही याच वेळापत्रकावर अवलंबून असते.

पूर्वी दिंडीचे सामान बैलगाड्यांतून जात असे. वारकऱ्याच्या खांद्यावर पडशी, अंगावर घोंगडी आणि हाती पताका किंवा गळ्यात टाळ एवढाच भार असे. पुढे बैलगाड्यांची जागा ट्रक, टेम्पो व ट्रॅक्टर यांनी घेतली, तर पडशीऐवजी पाठीवरची सॅक आली. सामानाचे प्रकार बदलले असले तरी विभागणीचे तत्त्व कायम राहिले. दि. बा. मोकाशी यांच्या 'पालखी' (१९६४) या पुस्तकात आळंदी ते पंढरपूर वाटचालीतील दैनंदिन जीवनाचे चित्रण आढळते.

मराठवाड्यातील मार्ग व हवामान

बीड जिल्ह्यातून अनेक पालख्या व दिंड्या पंढरपूरकडे जातात. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण येथून निघणारी संत एकनाथांची पालखी पाटोदा, खर्डा व परंडा या मार्गाने जाते. जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगर येथून निघणारी संत मुक्ताबाईंची पालखी जालना, गेवराई व बीड या मार्गाने येते. चकलांबा हे गाव गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिणेकडील भागात आहे.

हा प्रदेश पर्जन्यछायेत येतो. बीड जिल्ह्याचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान साधारण ६५० ते ७०० मिलिमीटर आहे. ज्येष्ठ महिन्यात, म्हणजे साधारणतः जूनमध्ये, येथे पाऊस स्थिरावलेला नसतो. त्यामुळे एकाच वाटचालीत तीन प्रकारच्या हवामानाला तोंड द्यावे लागते : पावसापूर्वीचे कडक ऊन, विजांसह येणारा वळिवाचा पाऊस आणि त्यानंतरचा चिखल. काळी चिकण माती ओली झाली की पायताणाला थरावर थर चिकटते व प्रत्येक पाऊल जड होते. रस्त्याकडेला सावली तुरळक असते. आळंदी–पुणे–सासवड मार्गावरील वारकऱ्याला आवश्यक असलेल्या साहित्याची यादी मराठवाड्यातील वारकऱ्याला जशीच्या तशी पुरत नाही. येथे पावसाच्या साधनांइतकेच उन्हापासून बचावाचे आणि पाण्याच्या साठ्याचे महत्त्व असते.

ओझ्याची विभागणी

दिंडीत सहभागी होणारे वारकरी ठरावीक वर्गणी भरतात. तिला 'भिशी' असे म्हणतात. भिशीतून शिधा, इंधन, वाहनभाडे, तंबू व स्वयंपाक्यांचा खर्च भागवला जातो. सामानाचे सर्वसाधारणपणे तीन भाग पडतात.

१. अंगावरचे सामान : दिवसभर लागणाऱ्या वस्तू, म्हणजे पाणी, थोडा कोरडा खाऊ, पावसाचे आवरण, नेहमीची औषधे, ओळखपत्र व पैसे. पाण्यासह याचे वजन तीन ते चार किलोग्रॅमच्या आत ठेवणे सोयीचे ठरते.

२. वाहनातील वैयक्तिक पिशवी : कपड्यांचे जोड, अंथरूण-पांघरूण, ताट-वाटी, तांब्या व जादा पादत्राणे. ही पिशवी सहसा मुक्कामी पोहोचल्यावरच हाती येते.

३. सामूहिक सामान : तंबू किंवा राहुट्या, ताडपत्र्या, पातेली, गॅसच्या शेगड्या, धान्य, पाण्याच्या टाक्या, दिवे व प्रथमोपचार पेटी.

पहिल्या व दुसऱ्या भागांतील गल्लत ही नवख्या वारकऱ्यांच्या अडचणींचे एक मुख्य कारण ठरते. रक्तदाब किंवा मधुमेहाची औषधे वाहनातील पिशवीत राहिल्यास वाहन पुढे गेल्यानंतर संध्याकाळपर्यंत ती मिळत नाहीत. पावसाचे आवरण वाहनात राहिले तर दुपारच्या सरीत भिजावे लागते. याउलट घोंगडी, भांडी व कपडे पाठीवर घेऊन चालणाऱ्यास पहिल्या दोन-तीन दिवसांतच खांदे व गुडघे यांचा त्रास सुरू होतो.

वैयक्तिक साहित्य

पादत्राणे

बहुदिवसीय चालीत पादत्राणांची निवड सर्वांत महत्त्वाची असते. नवी चप्पल किंवा बूट घालून प्रस्थान करणे त्रासदायक ठरते. पादत्राण किमान दोन-तीन आठवडे आधीपासून वापरून पायाला सरावलेले असावे. दिवसभर चालल्याने व उष्णतेने पाय काहीसे सुजतात, म्हणून बोटांपुढे थोडी जागा आवश्यक असते. बंद बुटांत खडे व काट्यांपासून संरक्षण मिळते, पण ते भिजल्यावर लवकर वाळत नाहीत. पट्ट्यांची सँडल लवकर वाळते, मात्र तिच्यात खडे शिरतात व पट्ट्याखाली कातडी सोलवटते. त्यामुळे एक जोड पायात व दुसरा वाहनात अशी व्यवस्था उपयुक्त असते. श्रद्धेने अनवाणी चालणाऱ्यांच्या बाबतीत तापलेले डांबर, काचा व काटे हे मुख्य धोके होत. मधुमेह असलेल्या व्यक्तींच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते व जखम लक्षात न येता चिघळू शकते. त्यांनी अनवाणी चालणे टाळणे आणि रोज रात्री तळवे तपासणे आवश्यक असते.

कपडे व उन्हापासून संरक्षण

सैल, फिकट रंगाचे सुती कपडे उन्हात सोयीचे असतात. सुती कापड भिजल्यावर जड होते व उशिरा वाळते, म्हणून पावसाळी टप्प्यांसाठी एखादा पातळ कृत्रिम धाग्याचा जोडही घेतला जातो. दोन जोड वापरात व एक कोरडा राखून ठेवलेला, असे तीन जोड बहुधा पुरतात. टोपी, फेटा, उपरणे किंवा पदर यांनी डोके व मान झाकली जाते. ओले केलेले उपरणे मानेवर ठेवल्याने उष्णतेचा त्रास कमी होतो. मांड्या व काखा घासून सोलवटू नयेत म्हणून खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावण्याची पद्धत आहे.

पावसापासून संरक्षण

पूर्वी पावसासाठी घोंगडीची खोळ व इरले वापरले जाई. मेंढीच्या लोकरीची घोंगडी हलक्या सरी अडवते व ओली असतानाही काही प्रमाणात ऊब देते. मात्र भिजल्यावर तिचे वजन बरेच वाढते. आता बहुतेक वारकरी प्लास्टिकचा मोठा कागद डोक्यावरून पाठीपर्यंत पांघरतात. तो स्वस्त असतो, पिशवीसह अंग झाकतो आणि रात्री अंथरुणाखाली पसरता येतो. एकाच वस्तूचे दोन-तीन उपयोग हा वारीतील साहित्य निवडण्याचा जुना निकष आहे. सोसाट्याच्या वाऱ्यात छत्री फारशी टिकत नाही.

अंथरूण-पांघरूण

मुक्काम शाळा, मंदिर, तंबू किंवा उघड्या मैदानात असतो. खाली प्लास्टिकचा कागद, त्यावर सतरंजी किंवा घोंगडी आणि पांघरायला चादर हे सर्वसाधारण अंथरूण होय. जमिनीवर झोपणाऱ्यांना पावसाळ्यात मण्यारीच्या दंशाचा धोका असतो. हा साप रात्री हिंडतो आणि त्याचा दंश पुष्कळदा फारसा दुखत नसल्याने झोपलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. झोपण्याची जागा गवत, दगडांचे ढीग व उंदरांची बिळे यांपासून दूर निवडणे, शक्य असल्यास मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचणे, रात्री उठताना बॅटरी वापरणे आणि सकाळी पादत्राणे झटकून घालणे ही साधी दक्षता आहे. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे किंवा गिळताना त्रास होणे अशी लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णाला सर्पदंशावरील लस उपलब्ध असलेल्या रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

इतर वस्तू

बॅटरी, सुई-दोरा, नायलॉनची दोरी, साबण, काडेपेटी, मोबाइलचा चार्जर व पॉवर बँक, तसेच कागदपत्रांसाठी प्लास्टिकची पिशवी या वस्तू बहुतेकांकडे असतात. नाव, गाव, दिंडीचा क्रमांक, घरचा दूरध्वनी क्रमांक, आजार व चालू औषधे लिहिलेली चिठ्ठी खिशात असल्यास गर्दीत चुकलेल्या किंवा बेशुद्ध पडलेल्या व्यक्तीला मदत करणे सोपे जाते. ज्येष्ठ वारकऱ्यांच्या बाबतीत ही चिठ्ठी विशेष उपयोगी ठरते.

पाणी

पाणी हा अंगावरच्या सामानातील सर्वांत जड आणि सर्वांत आवश्यक घटक आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असल्याने किती पाणी बाळगावे हे पुढील भरण्याच्या ठिकाणावरून ठरवले जाते. गावे जवळजवळ असतील तर एक लिटर पुरते. उन्हात लांब टप्पा असल्यास दोन लिटर सोबत असणे सुरक्षित मानले जाते. तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने घोटभर पाणी पिणे श्रेयस्कर असते.

पावसाच्या पहिल्या सरींबरोबर जमिनीवरील घाण विहिरी व ओढ्यांत वाहून जाते. याच काळात वारी चालू असल्याने हगवण, कावीळ व विषमज्वर यांसारख्या जलजन्य आजारांचा धोका वाढतो. ग्रामपंचायती विहिरी व टाक्यांत टीसीएल पावडर टाकून पाणी निर्जंतुक करतात. खात्री नसलेले पाणी उकळून घेणे किंवा त्यात क्लोरीनच्या गोळ्या टाकून किमान अर्धा तास थांबणे हे उपाय आहेत. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, परंतु त्यामुळे पाणी निर्जंतुक झाले असे मानता येत नाही. गढूळ पाणी आधी फडक्याने गाळून किंवा तुरटीने निवळून मगच क्लोरीन वापरल्यास ते अधिक परिणामकारक ठरते.

शिधा

ऊर्जेची गरज

सपाट रस्त्यावर चालताना शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे प्रत्येक किलोमीटरला ढोबळमानाने पाऊण किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. या हिशोबाने ६० किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीला २० किलोमीटर चालण्यासाठी सुमारे ९०० किलोकॅलरी लागतात. ही ऊर्जा एकाच वेळच्या जड जेवणातून घेतल्यास पुढची चाल कठीण होते. म्हणून न्याहारी, विसाव्याचा खाऊ, दुपारचे जेवण आणि मुक्कामाचे जेवण अशी तिची विभागणी केली जाते.

कोरडा खाऊ

चालताना खाण्यासाठी शेंगदाणे व गूळ ही जोडी सर्वत्र प्रचलित आहे. १०० ग्रॅम शेंगदाण्यांतून सुमारे ५६० किलोकॅलरी ऊर्जा व सुमारे २५ ग्रॅम प्रथिने मिळतात, तर गूळ झटपट ऊर्जा देतो. मूठभर शेंगदाण्यांचे वजन कमी आणि पोषण अधिक असल्याने अंगावर बाळगण्यास ते योग्य ठरतात. फुटाणे, मुरमुरे, शेंगदाण्याचे लाडू, खजूर व सातूचे पीठ हे इतर पदार्थ होत. सातूचे पीठ पाण्यात कालवून गूळ किंवा मीठ घालून खाता येते व त्यासाठी चूल लागत नाही.

घरून नेलेले पदार्थ

पहिल्या काही दिवसांसाठी घरी केलेले टिकाऊ पदार्थ सोबत घेतले जातात. मराठवाड्यात दशम्या व धपाटे यांना प्राधान्य असते. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवतात, त्यामुळे ती भाकरीपेक्षा मऊ राहते व प्रवासात खाण्याजोगी असते. धपाट्यात ज्वारीच्या पिठाबरोबर डाळीचे व गव्हाचे पीठ, तिखट, ओवा व तीळ घालतात. तोंडी लावण्यासाठी शेंगदाणा, जवस किंवा कारळाची कोरडी चटणी घेतली जाते. कोरडी चटणी अनेक दिवस टिकते. हिरव्या मिरचीचा ठेचा ओलसर असल्याने तुलनेने लवकर खराब होतो. कांदा, उकडलेली भाजी किंवा ओले खोबरे घातलेले पदार्थ दमट हवेत त्याच दिवशी संपवणे इष्ट असते. गरम पदार्थ डब्यात लगेच बंद केल्यास आत वाफ साचून बुरशी लवकर धरते, म्हणून ते पूर्ण थंड झाल्यावरच बांधले जातात.

दिंडीचा स्वयंपाक

मुक्कामी पिठले-भाकरी, आमटी-भात, चपाती-भाजी किंवा खिचडी असा साधा स्वयंपाक असतो. मोठ्या संख्येसाठी भाकऱ्या थापणे वेळखाऊ असते. अनेक गावांत प्रत्येक घरातून ठरावीक भाकऱ्या गोळा करून दिंडीला जेवण देण्याची प्रथा आहे. अशा जेवणाचे दिवस आधी कळले, तर तितका शिधा वाहनात कमी घेता येतो.

शिध्याचा हिशोब 'माणसे गुणिले दिवस' या पद्धतीने मांडतात. उदाहरणार्थ, ५० माणसांच्या १८ दिवसांच्या दिंडीसाठी ९०० माणूस-दिवस होतात. दरडोई दररोज ४०० ग्रॅम धान्य व पीठ, ८० ग्रॅम डाळी, ३० ग्रॅम तेल, ५० ग्रॅम शेंगदाणे आणि ३० ग्रॅम गूळ धरल्यास ३६० किलोग्रॅम धान्य, ७२ किलोग्रॅम डाळी, २७ किलोग्रॅम तेल, ४५ किलोग्रॅम शेंगदाणे आणि २७ किलोग्रॅम गूळ लागतो. अन्नदानाचे दिवस त्यातून वजा केले जातात. भाजीपाला वाटेवरच्या बाजारांतून घेतला जातो. धान्य व पीठ जमिनीपासून उंचावर, ताडपत्रीखाली ठेवणे पावसाळ्यात आवश्यक असते.

एकादशीचा उपवास

वाटचालीत येणाऱ्या एकादशीला बहुतेक वारकरी उपवास करतात. ज्ञानेश्वर पालखीचा पुणे ते सासवड हा दिवे घाटाच्या चढाचा लांब टप्पा साधारणतः ज्येष्ठ वद्य एकादशीलाच येतो. त्यामुळे सर्वाधिक श्रम आणि उपवास एकाच दिवशी पडतात. साबुदाण्यात मुख्यतः पिष्ट पदार्थ असून प्रथिने अत्यल्प असतात. त्यात शेंगदाण्याचे कूट घातल्याने ही उणीव काही प्रमाणात भरून निघते. राजगिऱ्याचे लाडू, केळी, रताळी, खजूर व ताक हे उपवासाला चालणारे उपयुक्त पदार्थ आहेत.

भगरीच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी लागते. दमट हवेत साठवलेल्या भगरीला व विशेषतः तिच्या पिठाला बुरशी लागू शकते. अशा भगरीतून विषबाधा झाल्याच्या घटना उपवासाच्या दिवसांत महाराष्ट्रात वेळोवेळी घडल्या आहेत. बंद पाकिटातील ताजी भगर घेणे, ती निवडून व धुऊन शिजवणे, सुटे किंवा जुने पीठ न वापरणे आणि शिजवलेली भगर फार वेळ न ठेवणे, हे दिंडीच्या स्वयंपाकघरासाठी महत्त्वाचे नियम आहेत. एकाच पातेल्यातून सर्वांना वाढले जात असल्याने एका चुकीचा परिणाम संपूर्ण दिंडीवर होऊ शकतो.

आरोग्य व प्रथमोपचार

प्रथमोपचार पेटीत जंतुनाशक औषध, कापूस, पट्ट्या, चिकटपट्टी, वेदनाशामक गोळ्या, जलसंजीवनीची पाकिटे व तापमापक यांचा समावेश असतो. पायावरचा फोड शक्यतो फोडू नये. तो स्वच्छ करून त्यावर पट्टी लावावी व घर्षणाचे कारण दूर करावे. भिजलेले पाय रात्री धुऊन, बोटांमधील जागा कोरडी करून झोपल्यास चिखल्यांचा त्रास कमी होतो.

जुलाब झाल्यास जलसंजीवनीचे पाकीट दिलेल्या प्रमाणात स्वच्छ पाण्यात विरघळवून थोडे थोडे पाजतात. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालून द्रावण तयार करता येते. मिठाचे प्रमाण वाढू देऊ नये. उन्हात चालताना गोंधळल्यासारखे वागणे, अंग अतिशय तापणे किंवा शुद्ध हरपणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा व्यक्तीला सावलीत नेऊन अंगावर पाणी टाकून वारा घालणे व तातडीने वैद्यकीय मदत मिळवणे आवश्यक असते. विजा चमकत असताना एकाकी झाडाखाली थांबू नये, पक्क्या इमारतीत किंवा बंद वाहनात आश्रय घ्यावा.

इतर पदयात्रांशी तुलना

मराठी भाषकांमध्ये प्रचलित असलेल्या इतर बहुदिवसीय पदयात्रांत ओझ्याची व्यवस्था वेगळी असते. अडीच हजारांहून अधिक किलोमीटरच्या नर्मदा परिक्रमेत सोबत वाहन नसते. परिक्रमावासी आपले अंथरूण व कमंडलू स्वतः वाहतो, मात्र वाटेवरील आश्रम व गावांत सदावर्त म्हणून शिधा किंवा तयार जेवण मिळत असल्याने धान्याचा मोठा साठा बाळगावा लागत नाही.

सह्याद्रीतील राजगड–तोरणा–रायगड किंवा पन्हाळा–विशाळगड यांसारख्या डोंगरयात्रांत अंथरूण, शिधा, भांडी व कधी तंबूही पाठीवर असतो. अशा वेळी पिशवीचे वजन शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास ठेवण्याचा संकेत पाळला जातो. तांदूळ-डाळीची खिचडी, पोहे, सुकी चटणी यांसारखे लवकर शिजणारे, कमी भांड्यांत होणारे पदार्थ निवडले जातात. वारीसाठी केलेली यादी डोंगरयात्रेला अपुरी पडते आणि डोंगरयात्रेची यादी वारीत ओझे ठरते. तिन्ही प्रकारांत पाणी, पादत्राणे व नेहमीची औषधे या तीन गोष्टी मात्र चालणाऱ्याने स्वतःजवळच ठेवायच्या असतात.

हे सुद्धा पहा

पंढरपूरची वारी
दिंडी
वारकरी संप्रदाय
संत एकनाथ
संत मुक्ताबाई
नर्मदा परिक्रमा
गेवराई तालुका
चकलांबा